ती खाणीची माती नव्हती

"आजोबा, ही माती नाही. हे रक्त आहे," बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. कागदावर त्यांनी 'हिमॉप्टिसिस' लिहिलं, म्हणजे खोकल्यातून रक्त पडणं. माझ्या बाबांनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं आणि म्हणाले, "तुमी खदान पायली नाई मॅडम."

बाबांचं उभं आयुष्य छत्तीसगडमधल्या एका लोहखाणीत गेलं. मी त्या खाणीच्या वसाहतीत वाढले. तिथे दोरीवर वाळणारे पांढरे गणवेशसुद्धा धुळीनं गुलाबी व्हायचे. पाळी सुटली की माणसं नळावर चुळा भरत, लाल थुंकत आणि गुळाचा खडा तोंडात टाकत. गुळानं छातीतली धूळ उतरते, असं सगळेच मानायचे. लाल थुंकी म्हणजे दिवसभर काम झालं, एवढाच तिचा अर्थ.

म्हणून निवृत्तीनंतर चिखलीला आल्यावर खोकल्यातून लाल पडू लागलं, तेव्हा बाबा घाबरले नाहीत. जुनी माती निघते आहे, म्हणून त्यांनी गूळ वाढवला. आम्हाला सांगितलंच नाही. पुढे सदरा ढगळ झाला, संध्याकाळी अंग तापू लागलं. तेव्हा आईनं बाबांच्या उशीखालचा रुमाल मला दाखवला.

एक्स-रे झाला, थुंकी तपासायला दिली. रिपोर्टची वाट पाहत आम्ही बाकावर बसायचो. आई जप करायची, बाबा शेजारच्या माणसाला खाण समजावून सांगायचे.

निदान झालं ट्युबरक्युलोसिस, म्हणजे क्षय. सोबत सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीनं फुप्फुसावर पडलेले व्रण. "अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू लवकर घर करतात," मॅडम म्हणाल्या. "गोळी एक दिवसही चुकवू नका. आणखी उशीर झाला असता, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

बातमी वसाहतीत पोचली. तिथल्या आमच्या शेजारीण बडी अम्मा रोज सकाळी फोन करून बाबांना दरडावू लागल्या, "गोली खाई? मुँह खोलके बिटिया को दिखाओ." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. माझ्या निकालाचे पेढे त्यांनीच दारोदार वाटले होते. त्यांचं बाबांना ऐकावंच लागलं.

या गोळ्यांनी लघवी लालसर होते, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. तरी पहिल्या दिवशी बाबा बाहेर येऊन आईला म्हणाले, "पाय वं, खदान रस्ता बदलून निघून राह्यली." आई कितीतरी दिवसांनी हसली.

हळूहळू ताप गेला, भाकरीची चव परतली. तुमच्यापासून आता कुणाला लागण होणार नाही, असं मॅडमनी सांगितलं, त्याच दिवशी बाबांनी गंगारामकाकांना फोन लावला. काका खाणीतले त्यांचे जोडीदार, आता वडनेर भोलजीला राहतात.

"गंगाराम, तुले खोकल्यात लाल येते काय बे?"

"येते कधी कधी. काऊन? मातीच होय ते."

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन एसटीनं वडनेरला गेले. काका दवाखान्याचं नाव घेऊ देईनात. बाबा त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसले. "चालतो का? नाई तं मी इथंच जेवतो अन् इथंच झोपतो."

"याचं खाणं तुले मालूम नाई," काका आपल्या सुनेला म्हणाले. "दवाखाना सस्ता पडंन." आणि टोपी घालून निघाले.

तुमच्या घरातलं कुणी खाणीत किंवा गिट्टीच्या क्रशरवर राबलं असेल, तर विचारत बसू नका. त्याचा रुमाल स्वतः पाहा. ही माणसं खोटं बोलत नाहीत. दुखणं हा कामाचाच भाग आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. मॅडमचे आणि बडी अम्मांचे उपकार माझ्याकडून फिटणार नाहीत. निदान हे लिहून ठेवते.

काकांचा रिपोर्ट आला. क्षयच होता, पण सुरुवातीचा. "वेळेवर आलात," तिकडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर काकांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "तू आला म्हणून आलो बे."

बाबांनी खाली वाकून दाराशी काढलेल्या काकांच्या चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.