ळचे खिळे

समजा, तुम्हाला एक लग्नपत्रिका जुळवायची आहे. समोर लाकडी केस आहे. तिच्या कप्प्यांत शिशाची उलटी अक्षरं आहेत. छापखान्यात त्यांना खिळे म्हणतात. डाव्या हातात जुळणीची पट्टी धरायची आणि उजव्या हातानं एकेक खिळा तिच्यात उभा करायचा. ‘विवाहाची वे’ इथवर तुम्ही आलात. आता ळ हवा. सगळे कप्पे चाचपडता, पण ळ नाही. केस हिंदीची आहे आणि हिंदीत हे अक्षर लागत नाही. मालक म्हणतो, ल लाव. मग पत्रिकेवर ‘विवाहाची वेल’ छापून येते, आणि खाली निमंत्रक ‘ढवले’. तुमचं स्वतःचं आडनाव ढवळे असेल, तर तुम्ही काय कराल?

फकिरा ढवळेनं हे काम आदिलाबादच्या एका छापखान्यात वर्षानुवर्षं केलं. त्याचा बाप जवळच्या जैनथ गावाकडं लोकांच्या वावरात राबायचा. घरात अक्षर ओळखणारा फकिरा पहिला. आणि त्याच्याच हातून आपल्या माणसांची नावं मोडत होती.

एकदा चुलते माणिकराव मुलाच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन परत आले.

“फकिरा, माहा बाप ढवळे म्हनून मेला. मी ढवले कवा झालो रे?”

“खिळाच नाही, काका.”

“अन् हे लग्नाची वेल कोन्त्या मांडवावर चढून राह्यली?”

गादीवर बसलेले मालक भगवंतराव हसले. “समजते ना लोकायले. ल चालते.”

माणिकराव पत्रिका काखेत मारून निघून गेले. वाटायला दुसऱ्या पत्रिका नव्हत्याच.

त्या दिवशी फकिरानं मालकाला सांगून टाकलं, की मी जैनथला माझा छापखाना काढणार. भगवंतरावांनी त्याला चहा पाजला, जवळ बसवलं.

“काढ ना. मशीन मी देतो. मेहनत तुही, पाटीवर नाव माह्यं.”

“नाव काऊन तुमचं, मालक?”

“अरे, पत्रिका पयले देवापुढं ठेवतेत लोकं. तुह्या नावाच्या छापखान्यातली कोन ठेवीन?”

हे ते रागानं बोलले असते, तर सोसलं असतं. ते मायेनं बोलले, जणू उपकारच करत होते. मला आजही त्या चहाचा संताप येतो. ज्याच्या हातानं जुळवलेल्या पत्रिका इतकी वर्षं देवापुढं ठेवल्या गेल्या, त्याचं नाव तेवढं विटाळ करणार होतं.

फकिरानं कप खाली ठेवला. “मंग मशीन नको,” म्हणाला आणि केसपाशी जाऊन उभा राहिला.

त्याच्यापाशी आणखी एक काम होतं: पाट्या रंगवणं. तेलुगू तो शाळेत शिकला होता आणि ब्रशवर हात बसलेला होता. सुटीच्या दिवशी तो किराणा दुकानं, ऑटो, कापसाच्या अडती, जे मिळेल ते रंगवू लागला. बायको रुख्मिणी त्याच्या कपड्यांवरचे रंग रॉकेलनं काढायची. “छापखाना होईन तवा होईन,” ती म्हणायची, “सध्या तं सदराच छापून राह्यला तुमचा.”

एका गावात महिला मंडळाची तेलुगू पाटी होती. तेलुगूतही ळ आहे, पण ती माणसं ‘महिळा मंडलि’ लिहितात. त्यांचा ळ महिलेत, आपला मंडळात. फकिराच्या हातानं मराठी वळण घेतलं आणि मंडलिचा मंडळि झाला. देखरेखीला आलेल्या कारकुनानं पाटीवर बोट ठेवलं. “ये अक्षर गलत है. पूरा मिटाके लिखो.”

फकिरानं भर उन्हात पाटी पुसली आणि पुन्हा लिहिली. कारकुनाचं बरोबरच होतं, असं तो आजही म्हणतो. घरी येऊन मात्र तो रुख्मिणीला म्हणाला, “त्यायच्या पाटीत एक ळ जास्त झाला तं पुसाले लावलं. आपल्या नावातला गेला तं म्हनते, चालते.”

त्याच पाटीच्या पैशातून तो नागपूरला गेला. खिळे ओतणाऱ्या कारखान्यात त्यानं फक्त ळ मागितले.

तिथला माणूस हसला. “नुसत्या ळचं करता काय? बाकीची अक्षरं?”

“येतीन मागून.”

आणि ती आली. अडतीच्या पाटीच्या पैशातून काही, ऑटोंच्या मागच्या फळ्यांतून काही, एका निवडणुकीत रंगवलेल्या भिंतींतून सगळ्या वेलांट्या आणि उकार. दिवसा तो भगवंतरावांच्या छापखान्यात ळच्या जागी ल लावायचा. घरी पत्र्याच्या पेटीत त्याची मराठी भरत होती. शेवटी पाट्यांच्या साठवलेल्या पैशातून त्यानं छपाईची एक जुनी ट्रेडल विकत घेतली. ट्रेडलला वीज लागत नाही, पाय लागतो. वीज जैनथला असून नसल्यासारखी होती, म्हणून मशीन पायाची असणं त्याच्या सोयीचंच होतं.

बसथांब्याजवळ त्यानं खोली घेतली आणि पाटी स्वतः रंगवली, मराठीत आणि तेलुगूत: ढवळे मुद्रणालय.

उठसूट ‘नोकरी मागू नका, धंदा करा’ असं पोरांना सांगणारी शहाणी माणसं बघायला आली. ट्रेडलवर हात फिरवून त्यांनी एकच प्रश्न विचारला: पैसा कोणाचा? ज्यांच्या दुकानांवर फकिराच्या हातची पाटी होती, त्यांनीही तेच विचारलं. कोणी भगवंतरावांचं नाव घेतलं, कोणी एखाद्या पुढाऱ्याचं.

धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला माणिकराव आले. ओल्या शाईतला ‘ढवळे’ त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला. ‘विवाहाची वेळ’ही वाचली. खूश झाले. मग इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, “बाकी खरं सांग लेका, तुह्या मागं कोन हाय?”

फकिराचा पाय ट्रेडलवर थांबला.

“काका, पाट्या रंगवत होतो तवा ब्रश कोनाचा हाय, हे कोनी नाही इचारलं. आता मशीन कोनाची, हे सारे इचारून राह्यले. माही हाय म्हनलं, तं तुमाले बी काऊन पटत नाही?”