बाईजाचा पाट

“घर केवढंबी बांधा, पाय पसरायला जागा ठेवा,” असं बाईजा म्हणायची. सापगावात कुठं पाया खणला, कुठं भिंत पाडली, की जाता जाता ती हे सांगायचीच. नवख्याला वाटे, म्हातारी आरामाचं बोलतेय. ती कामाचं बोलत असे.

बाईजा तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायची. मोरीत बुटक्या पाटावर बसायची, पाय समोर लांब सोडायची आणि दोन्ही नडग्यांच्या खोबणीत पोर निजवायची. आधी उताणं, मग पालथं. गरम पाणी पाठीवरून धारेनं उतरे आणि रडणारं पोर हळूहळू गप्प होई. पाट तिचा स्वतःचा, सागाचा, वापरून मधोमध खोलगट झालेला. तो काखेत मारून ती निघाली की कुणाच्या घरी पाळणा हलला, ते न विचारता गावाला कळे. आमच्या गावातली अर्धी माणसं त्या नडग्यांवरून उतरून जमिनीवर आली आहेत. मीही त्यातलाच.

पण घराघरांत मोऱ्या जाऊन बाथरूम आली. टाइल आली, कमोड आला, पाय पसरायची जागा गेली. बाईजाला बोलावणी कमी झाली. उरली होती कमळाकरच्या घरची जुनी मोरी. त्याची सून कुणाली दुसऱ्यांदा पोटुशी होती. पहिली मुलगी मुरबाडला आजोळी झाली, तिथल्याच बाईनं तिला न्हाऊ घातलं. हे दुसरं पोर आपलं, असं बाईजानं धरून ठेवलं होतं.

आणि कमळाकरचा मुलगा हितेश मोरी पाडायला निघाला.

तो वाशिंदच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी त्यानं मोरीच्या जागी होणारं नवं बाथरूम आधी अंगणात रांगोळीनं मापासकट आखलं. इथं दार, इथं नळ, इथं कमोड. मोरीच्या एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत; वाढवायला बोटभर जागा नव्हती. बातमी लागताच बाईजा पाट घेऊन हजर झाली.

“आखलंस ना? मंग बघू दे,” म्हणाली, आणि रांगोळीच्या आत पाट टाकून बसली. पाय लांब केले. टाचा थेट कमोडाच्या चौकोनात गेल्या.

“आता पाय कमोडात घालू काय रे?”

“आजे, आता पोरांना टबात घालतात,” हितेश हसत म्हणाला.

“तुला टबात घातला असता तर असा सरळ उभा ऱ्हायला असतास काय? नाक बघ तुझं. कोणी काढलं?”

“नाकाला काय झालं त्याच्या? बापावर गेलंय,” ओट्यावरून कमळाकर म्हणाला. मग त्यानं काठीवर हनुवटी टेकली. “हितू, कमोड नको लावू. मी जाईन मागं परसात. जातोच ना आतापर्यंत.”

“बाबा, गेल्या पावसाळ्यात कसे पडलात? गुडघा वाकत नाय तुमचा.”

“मी सांगतो ते ऐक. बाईजावयनीला बसू दे.”

बाईजानं कमळाकरच्या गुडघ्याकडं पाहिलं. मग उठायला लागली. मोरीतून उठताना तिचा डावा हात नेहमी भिंतीवर असे. सवयीनं तो बाजूला गेला. तिथं भिंत नव्हती, रांगोळीची रेघ होती. हात हवेत फिरला आणि ती पुन्हा पाटावर बसली. पुन्हा उठू लागली. जमलं नाही. कुणाली पुढं झाली, पण तिला वाकता येईना. शेवटी हितेशनं दोन्ही काखांत हात घालून म्हातारीला उभं केलं.

लुगड्याला लागलेली रांगोळी झटकत बाईजा म्हणाली, “कमोडच लाव. बाजूला लोखंडी दांडी बसव धरायला. आडवी नको, तिरकी.”

“वयनी, आन् पोराचं?” कमळाकरनं विचारलं.

“टबात घाला. पण टब खाली नका ठेवू, पोरीची कंबर मोडंल.”

कुणाली घाईनं म्हणाली, “आजी, आपण पडवीत घालू ना न्हाऊ. तुम्ही तिथं बसा.”

“वाऱ्यात? बाळ हाय गो, कापडं नाय सुकवायची.” मग आवाज उतरवून, “आन् मला उठवायला रोज नवरा कामावरून बोलावशील काय?”

पाट कुणालीनंच उचलून दिला. बाईजानं तो काखेत घेतला आणि कुंपणाच्या कडेनं निघाली. हितेश टेप घेऊन परत रेघांत शिरला होता. दांडी केवढ्या उंचीवर लावायची, ते बापाला उभं करून बघत होता. कुणाली एकटी तिच्याकडं पाहत होती. कुंपणाचा एकेक खांब आला की म्हातारी त्यावर हात ठेवत होती. कुंपण संपलं तिथं ती थांबली. पाट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला आणि मोकळ्या वाटेला लागली.