चालत्या मशीनमधली चिप

एकेहार्ड फ्योल्शला टामेनबाईंचं काहीच सहन होत नसे, आणि त्यांचा चहा तर मुळीच नाही. जर्मनीतल्या पाइने गावाच्या संगणक मंडळात सगळे कॉफी पीत, नाहीतर बिअर. ही बाई समुद्राकडची, एम्डनची. पिशवीतून थर्मास काढायची, कपात खडीसाखरेचा खडा टाकायची आणि त्यावर गरम चहा ओतला की तो खडा तडकायचा. एकेहार्डला हल्ली बायकोची हाक ऐकू येत नसे, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला तडकलेला तो खडा बरोबर ऐकू यायचा.

मंडळ दर गुरुवारी दुपारी एका खानावळीच्या मागच्या खोलीत भरे. भिंतीपलीकडे लाकडी खुंट्यांवर गोळे फेकायची पट्टी होती. तिथे खुंट्या धडाधड पडल्या की इकडे बोलणारा तेवढ्यापुरता थांबायचा. मंडळी बहुतेक पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली. एकेहार्डनंही उभी हयात तिथल्या नियंत्रण कक्षात काढली होती. मंडळात त्याचं काम ठरलेलं होतं, बायॉसचं. संगणक सुरू होताना सगळ्यांत आधी जो प्रोग्राम जागा होतो, तो बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये असतो. कंपनीनं जुन्या बोर्डाला विचारायचं सोडलं की एकेहार्ड तो प्रोग्राम उघडायचा. त्यातलं डिस्का सांभाळणारं जुनं मॉड्यूल काढून नवं बसवायचा, विंडोजमध्ये त्याच्या जोडीचा ड्रायव्हर घालायचा, आणि भंगारात निघालेलं मशीन पुन्हा पळायला लागायचं. लोक पिशवीतून बोर्ड आणून त्याच्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "एकेहार्ड, बघ रे जरा." निवृत्तीनंतर तो या एका वाक्यावर जगत होता म्हटलं तरी चालेल.

मग टामेनबाई आल्या. बंदरातल्या क्रेनची यंत्रणा सांभाळलेल्या, मुलीजवळ राहायला म्हणून पाइनेत आलेल्या. आल्या आल्या त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं, की नवीनात नवं मॉड्यूल चांगलंच असतं असं नाही. जुन्या नियंत्रकाला त्याच्या काळातलंच मानवतं, आणि ड्रायव्हरही त्याच पिढीतला लागतो. यात खोटं काही नव्हतं. एकेहार्डला हे कधीपासून माहीत होतं, फक्त तो कुणाला सांगत नसे. या बाईनं सगळ्यांना फुकट वाटून टाकलं. पुढच्या गुरुवारपासून पिशव्या तिच्या टेबलाकडे वळायला लागल्या.

मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. नव्या माणसाला वयानं मोठ्यानं आपण होऊन म्हणायचं, "आता तुम्ही-बिम्ही पुरे." तेवढं झालं की माणूस आपला झाला. बाकी सगळ्यांनी बाईंना ते म्हणून टाकलं होतं. एकेहार्ड मात्र वर्षभर "अहो टामेनबाई" करत राहिला. लोकांना वाटायचं, काय हा आदर! त्याची बायको हेड्डा तेवढी फसली नाही.

"तुझ्या पोटात दुखतंय," ती म्हणाली.

"माझ्या? त्या बाईमुळे?"

"नाही, बटाट्याच्या सॅलडमुळे. अरे, जेवताना सुद्धा तिचंच चाललेलं असतं तुझं. मला निदान एखादी देखणी सवत तरी आणायचीस."

एकेहार्डनं काट्यानं बटाटा असा चिरडला की हेड्डानं पुढे विषय काढला नाही.

त्या उन्हाळ्यात मंडळाचं कारखान्याच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, शनिवारी, नगरभवनात. सगळे फोटो मंडळाच्या संगणकात होते. त्यासाठी दोन मोठ्या नव्या डिस्का आणल्या होत्या, आणि संगणक त्यांना ओळखच देईना. मंडळाचे अध्यक्ष गिस्बर्ट सरळ म्हणाले, "मॉड्यूल बदलायला लागणार. राइनहिल्डला सांगू या."

राइनहिल्ड म्हणजे टामेनबाई. एकेहार्ड तिथेच बसला होता, हाताच्या अंतरावर. अध्यक्षांची मान त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही.

"त्यांना कशाला त्रास?" तो उठला. "मी नेतो ना घरी."

आणि नेला. घरी जाईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. बाई उद्यापर्यंत विचार करत बसली असती. आपण आजच संपवून दाखवू, असं त्याच्या डोक्यात बसलं. या बोर्डाच्या दोन आवृत्त्या होत्या. कुठली, ते कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं, आणि दोन्हींच्या फाइली वेगळ्या. "आधी कोपरा बघ, मग तोंड उघड," हे मंडळातल्या प्रत्येक नवख्याला एकेहार्डच सुनावत आला होता. त्या दिवशी त्यानं कोपरा बघितला नाही. फाइल जुळत नसल्याचं प्रोग्रामनं बजावलं, तर त्यानं ती सूचनाही दाबून टाकली; हल्ली त्याला कुणी शिकवलेलं चालत नव्हतं. लिहून झालं. संगणक बंद करून चालू केला. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

त्यानं बॅटरी काढून घातली, तारा काढून घातल्या, शिव्या दिल्या. शेवटी भिंग घेऊन कोपरा वाचला. आवृत्ती दुसरीच होती.

चिपमध्ये बाहेरून लिहायचं यंत्र तेव्हा महाग होतं, मंडळात कुणाकडेच नव्हतं. उरला तो जुना मार्ग. तोच बोर्ड असलेलं चांगलं मशीन चालू करायचं. एकदा चालू झालं की बायॉस मेमरीत जातो आणि चिपवाचून मशीनचं अडत नाही. मग चालत्या मशीनमधली चांगली चिप उपटायची, मेलेली तिथे बसवायची आणि तिच्यात नीट फाइल लिहायची. हात जरा तिरका गेला, चिपचे धातूचे पाय एकमेकांना लागले, की चांगला बोर्डही मेला. आणि तोच बोर्ड, त्याच आवृत्तीचा, अख्ख्या मंडळात एका माणसाकडे होता. कुणाकडे ते हेड्डालाही सांगावं लागलं नाही.

"जा," ती म्हणाली. "आणि येताना तोंड हसरं ठेव, शेजारी बघतात."

बुधवारी दुपारी तो मेलेली चिप खिशात घालून टामेनबाईंच्या दारात उभा राहिला. सगळं सांगताना त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कोपरा?" बाईंनी विचारलं.

"कोपरा," तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी आत नेलं, मशीनचं झाकण काढलं आणि ते चालू केलं. दातांत फिरवायचा दोरा आणून त्यांनी चिपखालून ओवला, दोन्ही टोकं वर घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

"तुम्ही ओढा. माझ्याच्यानं नाही होणार."

एकेहार्डनं दोरा हातात घेतला. समोर तिचं मशीन गुरगुरत होतं. त्यातच तिच्या सगळ्या फाइली, तिचे प्रयोग, तिची सगळी ऐट. हात किंचित तिरका केला की संपलं. कुणी त्याला बोल लावला नसता. या कामात असं व्हायचंच. प्रदर्शन बुडालं असतं, पण बाईही बुडाली असती, आणि गुरुवारी पिशव्या पुन्हा त्याच्या टेबलाशी आल्या असत्या. हे सगळं त्याच्या मनात अगदी स्वच्छ आलं. त्याची त्यालाच भीती वाटली. त्यानं बाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, लहान मुलं सुईला मिटतात तसे.

मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाला मारायचं त्याला जमेना. त्यानं श्वास रोखला आणि दोरा सरळ वर उचलला. चिप अलगद सुटली. त्यानं ती बशीत ठेवली, मेलेली चिप खाचेत बसवली आणि अंगठ्यानं दाबली. मशीन गुरगुरतच होतं. बाईंनी डोळे उघडून योग्य फाइल निवडली, लिहायला लावली, आणि दोघं त्या सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसले. पट्टी टोकाला पोचली तेव्हा त्यांनी चहा ओतला. खडा तडकला. इतक्या जवळून तो आवाज तसा वाईट नव्हता.

"तुम्हाला ठाऊक आहे का," बाई एकदम म्हणाल्या, "मी मंडळात का येते ते? तुमचा हात बघायला. बंदरात मी मोठमोठ्या क्रेन हलवल्या, पण टाचणी उचलायची तर माझी बोटं थरथरतात. तुम्ही चिप काढायला लागलात की माझा नुसता जळफळाट होतो. घरी येऊन त्या रागानं मी वाचत बसते."

एकेहार्डला इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. त्या भरात तो मोठ्या मनानं म्हणाला, "वयानं मोठा म्हणून मीच म्हणतो, आता हे तुम्ही-बिम्ही पुरे करू या."

"थांब, थांब. तुझं वय किती?"

त्यानं सांगितलं.

"मग तो मान माझा," बाई म्हणाल्या. "मी मोठी आहे. पण तू इतकं अहो-जाहो करायचास, मला वाटलं तुला नकोच असेल. पी, चहा गार होतोय."

म्हणजे तेवढंही तिनंच पटकावलं.

गुरुवारी खानावळीत मंडळाचा संगणक पहिल्याच झटक्यात सुरू झाला. दोन्ही डिस्का दिसल्या, फोटो आले. गिस्बर्टनं एकेहार्डच्या पाठीवर थाप मारली. "वा रे गड्या! उगाच राइनहिल्डला त्रास देणार होतो!"

एकेहार्डनं बाईंकडे बघितलं. त्या कपात बघत होत्या. त्या बोलणार नव्हत्या, हे त्याला कळलं. गप्प बसायचं तेवढं काम होतं. टेबल पुन्हा त्याचं झालं असतं.

"बोर्ड मी मारला होता," तो म्हणाला. "कोपरा न बघता. तो हिच्या मशीनवर जिवंत केला. चालू मशीनची चिप काढू दिली हिनं."

एकच गलका झाला. चालू मशीनची? स्वतःच्या? आणि भीती नाही वाटली? खुर्च्या सरकल्या, सगळे उठून बाईंच्या टेबलाभोवती जमले, गिस्बर्टही. एकेहार्ड आपल्या टेबलाशी एकटा उरला. पोटात पुन्हा दुखायला लागलं, अगदी ओळखीचं.

"अरे, हात त्याचा होता!" गर्दीतून बाई ओरडल्या.

नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडे सगळ्या खुंट्या एकदम कोसळल्या आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही. एकेहार्डला तेवढं ऐकू आलं.