आमच्या मागचं मैदान आणि सुनंदाताई

आज डोंबिवलीत विकास आराखड्याच्या सुनावणीला गेलेले. आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर पालिकेने नवीन घरं दाखवलीत, त्याला आमची हरकत आहे. मी उभी राहून विचारलं, "मग मुलांनी खेळायचं कुठे?" आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग शेजारच्या चाळीतल्या सुनंदाताई उठल्या. आमच्या दोघींच्या मुली तिथेच एकत्र खेळतात. "मैदान आम्हालाही हवंय हो. पण एका खोलीत आम्ही सातजण राहतो. घरं इथे नकोत, तर कुठे बांधायची तेही सांगा ना."

अधिकाऱ्यांनी दोघींचं म्हणणं लिहून घेतलं. निर्णय नंतर होईल.

बाहेर सुनंदाताईंनी विचारलं, "रागावलात का?" "अहो, नाही," म्हटलं आणि आम्ही एकाच रिक्षाने परत आलो.

हरकत मी मागे घेतलेली नाही. पण तुमच्या भागात नवीन घरं कुठे व्हावीत? "आमच्या मागे नको" एवढं सोडून सांगा.