काळी उभट अक्षरं

नव्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि शाईच्या वासासरशी एकाहत्तरच्या लढाईनंतरचा साताऱ्याचा तो बाजाराचा दिवस आठवला. लढाई थांबली होती, पण सैन्यातून यांचं पत्र नव्हतं. सासूबाईंबरोबर छापखान्यावरून जाताना शाईचा आणि खिळे धुवायच्या घासलेटचा वास आला. आत दोरीवर ओले कागद वाळत होते. सासूबाई जागीच थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दहाव्याच्या पत्रांवर मयताचं नाव ज्या जाड, उभट, दाटीच्या अक्षरांत असायचं, ती त्या ओळखायच्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, "मयताची अक्षरं हायती ती. वाच, पर मोठ्यानं वाचू नगं." नाव यांचंच होतं. माझी नजर खालच्या ओळीवर जाईना. मग दिसलं, 'घरी परतताच गावातर्फे सत्कार'. सत्काराला ही अक्षरं का, असं मी विचारलं, तर छापखानेवाले म्हणाले, "आवं, हुद्द्यासकट नाव लांब हाय, दुसरी अक्षरं एका ओळीत मावत न्हाईत." सासूबाई पायरीवर बसल्या. "मग दोन ओळी करा," म्हणाल्या, आणि नाव मोडून गोल अक्षरांत जुळवेपर्यंत उठल्या नाहीत. हे पुढं सुखरूप आले. आज पत्रिकेवर नातवाचं नाव तसंच काळं, उभट आलंय. घरात सगळ्यांना आवडलंय. मी म्हटलं, पत्रिका परत छापा, दोन ओळी झाल्या तरी चालतील.