पाण्याची कावीळ की दारूची?

धरणात नुसता गाळ उरला होता आणि आमच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर त्या वर्षी पेटलाच नाही. ऊसच नाही तर मी काट्यावर वजन कशाचं करणार, डोंबलाचं? अर्ध्या पगारावर हजेरी लावायची आणि घरी यायचं. हंगामात कधीमधी घेणारा मी त्या रिकामपणात रोज संध्याकाळी बसायला लागलो. फार नाही घेत, असं माझं मीच म्हणायचो. फार म्हणजे किती, ते कुणाला माहीत होतं?

काळजी तेव्हापासूनच लागली. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. तिथं बोटानं दाबून बघायचो, दुखायचं, मग दाबल्यावर कुणालाही दुखणारच की, म्हणून स्वतःवरच चिडायचो. आमचे चुलते रोज घ्यायचे आणि म्हातारपणीही सायकलवर बाजाराला जायचे. मामा तेवढीच घ्यायचे, ते भर चाळिशीत पोट फुगून गेले. दोघंही घरचेच. आता मी कुणावर गेलोय, हे कुणाला विचारणार?

एका सकाळी चहा देताना बायको थबकली. "डोळे बघा की तुमचे. हळद फासल्यावानी दिसायलेत."

आलं बोलावणं, म्हटलं. तेवढ्यात शेजारचे फिटरभाऊ दारात आले, तर त्यांचेही डोळे तसेच. दुपारपर्यंत कळलं, कारखान्याच्या कॉलनीत घरोघरी तेच चाललंय. टँकर जुन्या विहिरीत पाणी ओतायचा आणि सगळे तेच प्यायचो. खरं सांगतो, मला आनंद झाला. दहा घरांना कावीळ झाली आणि हा गडी खूश! काय म्हणावं या अकलेला?

फिटरभाऊ म्हणजे सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस. आम्ही दोघं त्यांच्या मोटारसायकलवर तलवाड्याकडच्या एका आजीकडं गेलो. आजी उपाशीपोटी काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायची. आधी चुन्याच्या पाण्यानं हात चोळून धुवायला लावायची. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरायला लागली म्हणायचं. दोघांचंही पाणी पिवळं झालं. माझं जरा जास्त गडद आहे का, ते मी वाकून वाकून बघत होतो.

"दारू घेतो का रे तुमच्यात कोणी?" आजीनं विचारलं.

भाऊंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पाण्यानं झालीय, आजी. समद्या कॉलनीला झालीय," म्हणाले.

तरी बायकोनं मला बीडच्या डॉक्टरकडं ओढत नेलंच. ते रिपोर्ट बघून म्हणाले, "लिव्हरला सूज आहे. पाण्यानं येते तशी दारूनंही येते. आधी बंद करा, मग कळेल."

बंद केली. तेल नाही, मसाला नाही, नुसता ताकभात. हळूहळू डोळे निवळले. पण तेवढ्यातच टँकरचं पाणीही बदललं आणि अख्खी कॉलनी बरी झाली. मग मी कशानं बरा झालो? डॉक्टर म्हणाले, "बरे झालात ना? मग कशाला डोकं खाता?" अहो, पण मला पुढं घ्यायची की नाही, ते ठरवायचं होतं!

फिटरभाऊंची कावीळ मात्र उतरलीच नाही. त्यांना बीडला नेलं, तिथून औरंगाबादला नेलं. पोटात पाणी झालं आणि ते गेले. मला फार लागलं ते. रोज सकाळी त्यांची हाक ऐकून मी उठायचो.

मातीहून परतताना काट्यावरचा सोबती म्हणाला, "बघ बे, जन्मात थेंब न्हाई घेतला अन् गेला. तू रोजचा, तू ठणठणीत. दारूनं जंतू मरतेत." मला त्याची भयंकर चीड आली. आणि बरंही वाटलं, हे सांगायला लाज वाटते. आठवडाभरात मी पुन्हा बसायला लागलो. बरगडीखाली पुन्हा जड वाटू लागलं. का मध्यंतरी ते कधी गेलंच नव्हतं? काही म्हणता काही समजेना.

तेरावा झाल्यावर बायकोबरोबर फिटरभाऊंच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्यांच्यासमोर जायचा धीर होईना, म्हणून निघताना घोटभर घेतली होती. वहिनींनी आधी माझ्या डोळ्यांकडं निरखून बघितलं.

"भाऊजी, एक इचारू का? राग नका धरू," त्या म्हणाल्या. "ह्येंनी बी थोडी घेतली असती, तर वाचले असते का हो?"

बायको माझ्याकडं बघायला लागली. तिलाही उत्तर हवं होतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि वास येईल म्हणून तसंच मिटून घेतलं.