पुरवंताची लेक

पडदा उघडतो. रेवणप्पाचं अंगण. उजवीकडं सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी, मधोमध नवी सतरंजी, तिच्यावर नळदुर्गहून आलेले पाहुणे. चौकटीला धरून रेवणप्पाची बायको शांताक्का उभी, डोक्यावर पदर. आणि पोत्यांना टेकून मी, गावचा म्हातारा नट. हयात लोकनाट्यात गेली, पण त्या दिवशी त्या अंगणात झाला तसला वाईट प्रवेश मी कधी पाहिला नाही.

रेवणप्पा आमचा पुरवंत. आमच्या मुरूमच्या पट्ट्यात लिंगायतांच्या लग्नात वीरभद्राच्या गुग्गुळाची, म्हणजे पेटत्या धुपाच्या घटांची, मिरवणूक निघते. तिच्यापुढं हातात तलवार, पायात घुंगरू, तोंडानं देवाचं स्तवन म्हणत नाचतो तो पुरवंत. रेवणप्पा नाचायला लागला की बाया लेकरं आणून त्याच्या पायावर घालतात. शिवलीला त्याची थोरली. चालायला आली तशी बापामागं पावलं टाकायची आणि लोक म्हणायचे, "रेवणप्पाचं रक्त हाय." हे कौतुक ती परकरात होती तोवरच. पुढं सोलापूरला मावशीकडं राहून तिनं भरतनाट्यमची पदवी घेतली, मुरूमात क्लास काढला, आणि तीच तोंडं म्हणायला लागली, "पोरगी नाचते." हे ज्या सुरात म्हणतात तो सूर मला कागदावर उतरवता येत नाही. मला मात्र हेच लोक यात्रेत हार घालतात.

अलीकडं बंगळूरच्या एका शाळेनं तिला नृत्यशिक्षिका म्हणून बोलावलं. ती जाऊन एक पाठ घेऊनही आली. "मामा, तिथं डॉक्टर आईबाप दारात उभं राहून विचारतात, मॅडम, आमच्या मुलीला घ्याल का? इथं विचारतात, हळदीला नाचायला येतीस का?" हसत हसत सांगत होती. शाळा उत्तराची वाट बघत होती. रेवणप्पा म्हणाला, आधी लग्न.

तर हे ते स्थळ. मुलाचे काका चनबसप्पा, कापडाचे व्यापारी. पोहे संपवून म्हणाले, "पोरगी पसंत हाय. फकस्त ते नाचायचं तेवढं बंद."

"क्लास आहे माझा," शिवलीला म्हणाली.

"क्लास म्हणा न्हायतर आणखी काय म्हणा. पायात चाळ बांधायचं ते बांधायचंच न्हवं?" सतरंजीवर हशा झाला. मग काका रेवणप्पाकडं वळले आणि त्यांनी चक्क हात जोडले. "आन एक विनंती, अप्पा. आमच्या गुग्गुळात तुमीच नाचायचं. घरातली म्हातारी माणसं तुमचे पाय धरायला टपल्यात."

"काका, अप्पाही घुंगरू बांधूनच नाचतात," शिवलीला म्हणाली. आवाज जराही चढला नाही.

"त्यांचं येगळं. ते देवाचं."

"मीही शिवापुढंच नाचते."

"बाईमाणसाचं नाचणं देवाचं नसतंय, पोरी. बघणाऱ्याचं असतंय."

मी तोंड उघडणार तोच तिनं मला हातानं थांबवलं. बापाकडं वळली. "अप्पा, तुम्ही सांगा. पहिलं पाऊल मला कुणी शिकवलं?"

राजे केले, पाटील केले, खलनायकही केले मी. पण समोरच्या नटाच्या एका वाक्यासाठी इतका ताटकळलो नव्हतो. साऱ्या गावाला पाय धरू देणारा तो पुरवंत सतरंजीचा दोरा उपसत बसला. मग पाहुण्यांना म्हणाला, "सोडंल ती."

एवढंच. तलवार घेऊन देवापुढं गर्जणाऱ्या माणसाला लेकीसाठी एवढंच सुचलं. ती सतरंजी त्याच्याखालून ओढून काढावी, असं माझ्या मनात आलं.

शिवलीला आत गेली. बाहेर सुपारीची बोलणी सुरू झाली, तेवढ्यात ती बॅग घेऊन आली आणि पाहुण्यांच्या चपला ओलांडून रस्त्याला लागली. शांताक्कानं धावत जाऊन भाकरी बांधून दिली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

स्टँडपर्यंत मी सोबत गेलो. वाटेत तिनं शाळेला फोन करून होकार कळवला. बंगळूरच्या वाटेवरची गुलबर्ग्याची गाडी लागली तेव्हा मी माझ्या वयाला शोभेल असं बोललो, "बाप आहे. आज ना उद्या वळंल. राग सोड, पोरी."

पायरीवर पाय ठेवून ती वळली.

"राग सोड म्हणू नका, मामा. त्याच्याच जोरावर गाडीत चढतेय मी."